लाइट जाऊन आली की काट्याचा सर्व्हर 'आधीच चालू आहे' म्हणतो, पीआयडी फाइलचं नेमकं काय करावं?

मांजराकाठ (लातूर)

मित्रांनो नमस्कार. मोंढ्याजवळ आमचा वजनकाटा आहे. ट्रॅक्टर काट्यावर चढला की इंडिकेटरमधून सिरियल केबलनं वजन कॉम्प्युटरला येतं, एक पायथन प्रोग्रॅम ते वाचून पोस्टग्रेस डेटाबेसमधी टाकतो अन् आतल्या दोन कॉम्प्युटरवर बिलिंग चालतं. सर्व्हर म्हणजे साधाच पीसी, त्यावर उबंटू १८.०४ (लिनक्स). बसवून देणाऱ्यानं दोन स्क्रिप्ट लिहून दिल्यात, स्टार्ट अन् स्टॉप. मला शेल वाचता येतंय थोडंफार, म्हणून आत काय लिहिलंय ते सांगतो.

स्टार्ट स्क्रिप्ट आधी बघते की प्रोग्रॅमच्या फोल्डरमधी काटा डॉट पीआयडी ही फाइल आहे का. असली तर 'आधीच चालू आहे' छापून बाहेर पडते. नसली तर नोहप लावून (टर्मिनल बंद झालं तरी चालू राहावं म्हणून) पायथन बॅकग्राउंडला टाकते अन् जो प्रोसेस नंबर, म्हणजे पीआयडी, मिळतो तो त्या फाइलीत लिहून ठेवते. स्टॉप स्क्रिप्ट फाइलीतला नंबर वाचून त्याला किल मायनस नाइन मारते (म्हणजे जबरदस्तीनं बंद करते) अन् फाइल डिलीट करते. बूट होताना आरसी लोकल ह्या स्क्रिप्टमधून रूट म्हणून (सगळे अधिकार असलेला यूजर) स्टार्ट चालते. बस, एवढंच.

आता इकडं लाइटीचा भरवसा नाही हे काय सांगायचं, अन् यूपीएसची बॅटरी पण उतरलेली. लाइट गेली की पीसी धाडकन बंद, आली की आपोआप चालू, पण फाइल जुनीच तिथं पडलेली त्यामुळं स्टार्ट म्हणतंय आधीच चालू आहे, अन् चालू तर काहीच नाही. मुनीमजींना सांगून ठेवलं होतं की असं झालं तर स्टॉप मारा मग स्टार्ट मारा. दोन वर्षं हेच चाललं.

ह्या सीझनला मात्र दोन वेळा लई वाईट झालं. सोयाबीनची आवक जोरात, ट्रॅक्टरची लाइन पार रोडपर्यंत, अन् लाइट जाऊन आल्यावर मुनीमजींनी नेहमीसारखं स्टॉप-स्टार्ट केलं तर आतल्या दोन्ही कॉम्प्युटरवरचं बिलिंगच तुटलं, डेटाबेस कनेक्शन गेलं म्हणून. थोड्या वेळानं आपोआप आलं. दुसऱ्या वेळी स्क्रीन अडकल्यासारखी वाटली म्हणून एका पोरानं नुसती पीआयडी फाइल डिलीट करून स्टार्ट मारलं, अन् मग वजनं अशी यायली की इंडिकेटरवर १२४८० दिसतंय अन् स्क्रीनवर कधी १४८, कधी २४०. शेतकरी समोर उभा, त्याच्या डोळ्यादेखत हे असं. आम्ही सगळ्यांची वजनं इंडिकेटर बघून कार्बनच्या पावती बुकात हातानं लिहिली, भरलेलं अन् रिकामं दोन्ही, रात्री ११ पर्यंत. काट्यावर माणसाचा विश्वास असतो, तो एकदा गेला की परत येत नाही, म्हणून मला हे कायमचं नीट करायचंय. दोन्ही वेळा नेमकं काय झालं असंल अन् बरोबर पद्धत कोणती?

---

गोदाकाठ (नांदेड)

भाऊ, दोन्ही घटनांचं मूळ एकच आहे. फाइलीत नंबर लिहिलाय म्हणजे ती प्रोसेस जिवंत आहे, आणि फाइल नाही म्हणजे काहीच चालू नाही, असं तुमची स्क्रिप्ट धरून चालते. तसं नसतं. एसटीत काल २३ नंबरच्या सीटवर पाहुणे बसले होते म्हणून आज २३ वर जो बसलाय त्याला जाऊन पाहुणे म्हणून मिठी मारून चालेल का?

पहिली घटना बघा. पीआयडी हा कर्नलनं (लिनक्सच्या गाभ्यानं) दिलेला आकडा, प्रोसेस मेली की तो मोकळा होतो आणि पुढं कुणालाही मिळतो. तुमच्या १८.०४ वर कमाल आकड्याची मर्यादा साधारण ३२७६८ असते (प्रॉक-सिस-कर्नल खाली पीआयडी-मॅक्स नावाची फाइल आहे, कॅट करून बघा). मशीन चालू असताना आकडे चढत जातात, शेवटाला पोचले की परत खालून मोकळे आकडे वाटायला सुरुवात होते, त्याला वेळ लागतो. पण तुमच्याकडं वेळ लागतच नाही कारण लाइट जाऊन मशीन नव्यानं बूट होतं आणि मोजणी परत १ पासून. बूटला दर वेळी त्याच सर्व्हिस जवळपास त्याच क्रमानं उठतात, म्हणजे काल काटा प्रोग्रॅमला १२४३ मिळाला असेल तर आज १२४३ किंवा त्याच्या आजूबाजूचा आकडा पोस्टग्रेसला मिळणं अगदी सहज शक्य आहे. मुनीमजींनी स्टॉप मारलं, स्क्रिप्टनं रूटच्या अधिकारात १२४३ ला किल मायनस नाइन मारला, आणि तो निघाला पोस्टग्रेसचा. पोस्टग्रेसची एखादी आतली प्रोसेस अशी अचानक मारली की मुख्य प्रोसेस शेअर्ड मेमरीवर (सगळ्यांच्या सामाईक मेमरीवर) विश्वास ठेवत नाही, बाकीची सगळी कनेक्शनं तोडते, रिकव्हरी करते आणि परत उभी राहते. म्हणून तुमचं बिलिंग तुटून आपोआप आलं. कमिट झालेला डेटा जात नाही, तेवढी काळजी सोडा. पोस्टग्रेसच्या लॉगमधी त्या दिवशीची वेळ काढून बघा, सिग्नल ९ नं प्रोसेस गेल्याची ओळ सापडायला पाहिजे.

म्हणजे दोन वर्षं जे 'स्टॉप मारून स्टार्ट' चाललं ते चाललं कशामुळं, तर स्टॉप शेवटी फाइल डिलीट करतं म्हणून. किल कुणाला लागतोय हे कुणी बघितलंच नाही. बहुतेक वेळा तो आकडा रिकामाच असणार, 'अशी प्रोसेस नाही' एवढं येऊन गेलं असणार. आणि कधी कधी दुसऱ्याच कुणाला लागला असेल.

दुसरी घटना तर सरळ आहे. जुना प्रोग्रॅम चालू होता, फाइल काढल्यामुळं दुसरा पण चालू झाला. एका सिरियल पोर्टवर दोघं वाचायला बसले की येणारी अक्षरं दोघांत वाटली जातात. १२४८० मधले काही आकडे ह्याला, काही त्याला. म्हणून १४८.

तात्पुरता उपाय: फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमधून काढून रन फोल्डरमधी ठेवा (जुन्या लोकांना व्हार-रन म्हणून माहीत आहे, आता ती त्याचीच लिंक असते). तो फोल्डर रॅममधी असतो, लाइट गेली की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणजे बूटनंतर जुनी फाइल राहणारच नाही. तुमचा निम्मा त्रास इथंच संपतो.

---

शेल_शिकाऊ (परभणी)

एवढं कशाला, फाइल बिइल सोडून द्या अन् स्टॉपमधी पीकिल मायनस एफ पायथन (नावावरून शोधून मारणारी कमांड) टाका, मी माझ्या मशीनवर असंच करतो, आजवर काही अडचण नाही आली.

---

गोदाकाठ (नांदेड)

नका करू भाऊ, कळकळीनं सांगतो. उबंटूच्या स्वतःच्या काही सर्व्हिस पायथनमधीच आहेत, नेटवर्कडी-डिस्पॅचर आहे, अपडेटवाली आहे, रूट म्हणून पीकिल मारला की त्या पण जातात. आणि फाइलीचं नाव देऊन पीकिल केलं तरी मायनस एफ पूर्ण कमांड लाइन बघतं, त्यात काटा डॉट पीवाय हे अक्षर जिथं जिथं असेल ते सगळं मरणार, कुणी दुसऱ्या टर्मिनलवर तीच फाइल विम एडिटरमधी उघडून बसला असेल तर तो पण. शोधायला पीग्रेप (नावावरून नुसते नंबर दाखवणारी कमांड) चांगलं आहे, मारायला पीकिल नाही.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

गोदाकाठ सरांनी निदान बरोबर केलंय. मी थोडं पुढचं सांगतो, कारण रन फोल्डरमधी फाइल हलवली तरी बूट न होता प्रोग्रॅम क्रॅश झाला किंवा मेमरी संपून कर्नलनं मारला तर फाइल मागं राहतेच. किल मायनस नाइन पकडता येत नाही त्यामुळं 'जाताना फाइल पुसून जा' असा ट्रॅप लावला असेल तरी तो चालत नाही.

लोक मग किल मायनस झिरो वापरतात. त्यानं सिग्नल जात नाही, फक्त ती प्रोसेस आहे का एवढंच कळतं. ठीक आहे, पण त्यात दोन खाचा आहेत. एक म्हणजे साध्या यूजरनं रूटच्या प्रोसेसला विचारलं तर 'परवानगी नाही' येतं, स्क्रिप्टला ते पण एररच वाटतं, अन् ती समजते की प्रोसेस मेली, खरं तर ती जिवंत असते. दुसरं म्हणजे आकडा जिवंत आहे एवढंच कळतं, आकडा कुणाचा ते कळत नाही. त्यासाठी प्रॉक फोल्डरमधी त्या आकड्याखाली सीएमडीलाइन नावाची फाइल असते ती वाचायची. नुसतं नाव बघू नका, पायथनच्या सगळ्या प्रोग्रॅमांचं नाव पायथन३ च दिसतं, पूर्ण कमांड लाइनमधी आपला प्रोग्रॅम आहे का ते बघा. त्या फाइलीत शब्दांच्या मधी स्पेस नसून नल बाइट असतो, टीआर कमांड लावून स्पेस करून घ्यावा लागतो, नाहीतर शब्द एकमेकाला चिकटलेले दिसतात. मी एकदा ह्याच्यापायी दुपार घालवलीय.

अन् किल करायच्या आधी फाइलीत खरंच आकडा आहे का हे तपासाच. लिहिताना लाइट गेली तर फाइल रिकामी राहू शकते. रिकामी असली तर किल नुसतं वापर कसा करायचा ते छापतं, पण चुकून ० गेला तर किल झिरो म्हणजे आपल्याच प्रोसेस ग्रुपमधल्या सगळ्यांना सिग्नल, अन् मायनस १ गेला तर ज्यांना ज्यांना मारायची परवानगी आहे ते सगळे. रूट असाल तर विचार करा काय होईल. त्याच कारणानं ती फाइल दुसऱ्या कुणाला लिहिता येईल अशी ठेवू नका, नाहीतर कुणीही तिथं आकडा टाकून रूटकडून हव्या त्या प्रोसेसला मारून घेईल.

दोन कॉप्या चालू होऊ नयेत ह्यासाठी मात्र आकड्यावर विसंबूच नका, फ्लॉक वापरा. फ्लॉक म्हणजे एका फाइलीवर कर्नलकडून कुलूप घेणं. फाइल असणं नसणं महत्त्वाचं नाही, कुलूप कुणाकडं आहे ते महत्त्वाचं, अन् प्रोसेस कशीही मेली, क्रॅश असो, किल नाइन असो, लाइट असो, कर्नल कुलूप आपोआप सोडतं. पीआयडी फाइल म्हणजे दारावरची 'मालक आत आहेत' ही पाटी, मालक गेले तरी पाटी तिथंच. फ्लॉक म्हणजे मालकच गादीवर बसलेले. फ्लॉक मायनस एन लावून प्रोग्रॅम चालू करा, कुलूप मिळालं नाही तर तो थांबत न बसता लगेच बाहेर पडतो. फक्त एक ध्यानात ठेवा, प्रोग्रॅमनं पोटात दुसरी प्रोसेस काढली अन् ती मागं जिवंत राहिली तर कुलूप तिच्याकडं वारशानं जातं, मग मुख्य प्रोग्रॅम मेला तरी कुलूप सुटत नाही. 'कुणीच चालू नाही तरी लॉक मिळत नाही' असं कधी झालं तर आधी ही पोरं शोधा.

तुम्ही पायसिरियल (पायथनची सिरियल पोर्टची लायब्ररी) वापरत असाल तर पोर्ट उघडताना एक्सक्लुझिव्ह ट्रू द्या. तो पण आतून असंच कुलूप घेतो, म्हणजे तुमच्या प्रोग्रॅमची दुसरी कॉपी पोर्टच उघडू शकणार नाही, सरळ एरर येईल. अर्धवट वजन पावतीवर जाण्यापेक्षा एरर आलेली हजार पटीनं बरी. हे एवढं तरी आजच करा.

---

मांजराकाठ (लातूर)

बालाघाट दादा, गोदाकाठ सर, लई उपकार. पोस्टग्रेसचा लॉग काढला, त्या दिवशी ४ वाजून काही मिनिटांनी सिग्नल ९ ची ओळ तशीच आहे, तुम्ही म्हणलात तसंच. अंगावर काटा आला वाचून. एक्सक्लुझिव्ह ट्रू आत्ताच टाकलंय, दुसरी कॉपी मुद्दाम चालवून बघितली, पोर्ट लॉक आहे म्हणून बाहेर पडली.

एक शंका. स्टॉपमधी किल नाइन का असंल? नुसतं किल मारलं तर चालंल ना?

---

औंढा_रूट (हिंगोली)

नुसतं किल म्हणजे टर्म सिग्नल, १५ नंबर, 'आवरून घे अन् निघ' असं सांगणं. आधी तोच द्यायचा, काही सेकंद थांबायचं, नाहीच गेला तर ९. पण पायथनमधी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टर्म आला अन् तुम्ही त्यासाठी हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लिहिलेला नसला तर पायथन तिथल्या तिथं मरतं, फायनलीमधलं (शेवटी आवराआवर करायचं) काही चालत नाही. कंट्रोल-सीला मात्र चालतं. तर प्रोग्रॅममधी सिग्नल हँडलर लिहा, एक फ्लॅग बदला, हातातलं वजन डेटाबेसमधी टाकून मग लूपमधून बाहेर पडा.

जाता जाता, कुणी डॉकरसारख्या कंटेनरमधी (प्रोग्रॅमला वेगळं खोकं करून देतात ते) चालवत असेल तर हाच रोग तिथं जास्त छळतो. कंटेनरमधी मुख्य प्रोग्रॅमला दर वेळी १ नंबरच मिळतो, अन् पीआयडी फाइल बाहेरच्या व्हॉल्यूममधी राहिली असेल तर रीस्टार्टनंतर प्रोग्रॅम बघतो, १ नंबर जिवंत आहे, म्हणजे मी आधीच चालू आहे. तो १ नंबर म्हणजे तो स्वतःच. रूबी ऑन रेल्स ह्या वेब फ्रेमवर्कवाल्यांना सर्व्हर डॉट पीआयडी डिलीट करावी लागते ती बऱ्याचदा ह्याच्यामुळंच.

---

गोदाकाठ (नांदेड)

मांजराकाठ भाऊ, आता कायमचा उपाय. १८.०४ मधी सिस्टिमडी (बूटला सगळ्या सर्व्हिस चालू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) आहेच, तुमचं आरसी लोकल पण तोच चालवतो. मग काटा प्रोग्रॅम थेट त्याच्याच हवाली करा, पीआयडी फाइल लागणारच नाही. आपल्याला फाइल कशाला लागत होती, तर प्रोग्रॅम बॅकग्राउंडला सोडून स्क्रिप्ट निघून जाते, मागं नंबर लक्षात ठेवायला कुणी राहत नाही. सिस्टिमडी निघून जात नाही, तोच जन्म देतो आणि तोच आई-बापासारखा वाट बघत बसतो, प्रोसेस मेली की कर्नल त्याला स्वतः कळवतं. शिवाय तो सीग्रुपमधी टाकतो, म्हणजे प्रोग्रॅमनं पोटात कितीही प्रोसेस काढल्या तरी सगळ्या एका दावणीला.

युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल) छोटीच आहे. टाइप सिंपल ठेवा. एक्झेक-स्टार्टमधी पायथनचा पूर्ण पाथ आणि प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ, पायथनला मायनस यू द्या म्हणजे प्रिंट केलेलं लगेच जर्नलमधी (सिस्टिमडीच्या लॉगमधी) दिसेल, नाहीतर बफरमधी अडकून राहतं आणि माणूस म्हणतो लॉगच येत नाही. नोहप नको, शेवटचं बॅकग्राउंडला टाकायचं अँड चिन्ह नको. आफ्टरमधी पोस्टग्रेस लिहा. यूजर रूट ठेवू नका, वेगळा यूजर काढून डायलआउट ग्रुपमधी टाका, सिरियल पोर्टला तेवढं पुरतं, आणि मग काहीही चुकलं तरी पोस्टग्रेसला हात लावायची त्याची टाप नाही. रिस्टार्ट ऑल्वेज, आणि रिस्टार्ट-सेक ५ नक्की द्या. ते दिलं नाही तर तो मेल्यावर एक दशांश सेकंदात परत उठवतो, १० सेकंदात ५ वेळा उठवून झालं की हात टेकतो आणि सर्व्हिस फेल्ड दाखवून गप्प बसतो. केबल हलली आणि पोर्ट दोन मिनिटं गायब झाला तर तुम्हाला नेमकं हे नकोय. ५ सेकंद अंतर ठेवलं की ती मर्यादा कधी लागतच नाही, केबल परत लावली की आपोआप वजन चालू.

थांबवताना तो आधी टर्म देतो, न ऐकल्यास ९० सेकंदांनी किल. औंढा_रूट म्हणतात तो हँडलर म्हणूनच लिहून ठेवा.

आणि एक वेगळी सूचना, मुनीमजींना पण सांगा. पीआयडी फाइल डिलीट करायची सवय लागलीय तर पोस्टग्रेसच्या डेटा फोल्डरमधली पोस्टमास्टर डॉट पीआयडी कुणी चुकूनसुद्धा काढू नये. पोस्टग्रेस त्यात नुसता नंबर ठेवत नाही, डेटा फोल्डर, पोर्ट, शेअर्ड मेमरीची किल्ली असं सगळं ठेवतं आणि उठताना तपासून घेतं. एकाच डेटावर दोन पोस्टग्रेस बसू नयेत म्हणूनची ती राखण आहे.

---

मांजराकाठ (लातूर)

तीन दिवसांनी लिहायलोय, मधी आवक होती, हात लावला नाही.

युनिट फाइल लिहिली. पहिल्यांदा एक्झेक-स्टार्टमधी जुनी स्टार्ट स्क्रिप्टच दिली होती तर सर्व्हिस चालू होऊन लगेच बंद पडायली, मग कळलं की स्क्रिप्ट पायथनला बॅकग्राउंडला टाकून स्वतः संपते अन् सिस्टिमडीला वाटतं काम झालं, तो मागं राहिलेल्यांना पण झाडून घेतो. थेट पायथनचा पाथ दिल्यावर पहिल्या फटक्यात चाललं. टर्मचा हँडलर पण लिहिला.

काल रविवारी काटा बंद असताना मेन स्विच पाडून बघितला, चार वेळा. चारही वेळा लाइट आल्यावर पोस्टग्रेस उठलं, मागून काटा उठला, कुणी हात लावला नाही. मग रिकामा काटा असताना सिरियल केबल उपसून परत लावली, दोन-तीन वेळा रिस्टार्ट झाल्याचं जर्नलमधी दिसलं अन् वजन परत आलं. नंतर भावाला ट्रॅक्टर घेऊन चढवलं, इंडिकेटर अन् स्क्रीन दोन्हीकडं एकच आकडा, पाच-सहा वेळा उतरून चढून बघितलं. मुनीमजींच्या टेबलाजवळच्या कागदावर आता स्टॉप-स्टार्टऐवजी सिस्टिमसीटीएल स्टेटसची एकच ओळ चिकटवलीय. बॅटरी पण नवीन सांगितलीय.

---

बालाघाट (अंबाजोगाई)

वा, मनापासून आनंद झाला. आरसी लोकलमधली जुनी ओळ काढली का? ती राहिली असेल अन् पीआयडी फाइल तिथं नसेल तर बूटला एक कॉपी तिकडून अन् एक सिस्टिमडीकडून उठणार, जी आधी पोर्ट धरील ती चालंल. जुनी आधी उठली तर सिस्टिमडीवाली दर ५ सेकंदाला आपटत बसेल, अन् जुनीला तर रूटचा अधिकार आहे. त्या दोन स्क्रिप्ट पण त्या फोल्डरमधून हलवा, कुणीतरी सवयीनं स्टॉप मारतंच.

---

मांजराकाठ (लातूर)

ओळ राहिलीच होती दादा. जुनी पीआयडी फाइल पडून होती म्हणून स्टार्ट स्क्रिप्ट 'आधीच चालू आहे' म्हणून बाहेर पडत असंल, त्यामुळं दिसलं नाही. आता काढली, स्क्रिप्ट दोन्ही अन् जुनी काटा डॉट पीआयडी पण हलवली, रीबूट करून पीग्रेप मारला, एकच नंबर येतोय अन् तो सिस्टिमसीटीएल स्टेटसमधल्या मेन पीआयडीशी जुळतोय.